शेंदराखालचा गाळ

नमस्कार करू नका. हात जोडायच्या आधी जरा ऐकून घ्या. घोडनदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे, जालिंदरची नवी विहीर आहे. तिच्या मोटारीच्या खोलीला लागून एक कट्टा आहे आणि त्यावर शेंदूर फासलेल्या साती आसरा ओळीनं मांडल्या आहेत. विहिरीच्या पाण्याच्या त्या देवता. त्यातले सहा खरोखरचे काळे दगड आहेत. कडेचा सातवा, जरा ओबडधोबड, मधोमध सिमेंटनं सांधलेला, तो मी. मी देव नाही, दगडही नाही. मी गाळ बोलतोय.

गाळ म्हटल्यावर तुमचा चेहरा पडला, ते कळलं मला. गाळ म्हणजे धरणातून उपसायचा, ट्रॉलीत भरायचा आणि शेतात पांगवून मोकळं व्हायचं. चहाच्या पेल्यात तळाशी उरतो तोही गाळ. कुणाची किंमत काढायची झाली तरी तुम्ही माझंच नाव घेता. या सगळ्याची मला सवय आहे. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मला जन्मभर एकच काम दिलेलं होतं, ते मी चोख केलं, आणि ऐन शेवटी माझ्या तोंडाला वाटीभर तेल फासून लोकांनी त्याचं मातेरं केलं. तेही भक्तिभावानं! आता भांडण काढावं तर कुणाशी काढावं?

माझा जन्म एका तळ्यात झाला. तेव्हा ही नदी नव्हती, शिरूर नव्हतं, दौंड नव्हतं, तुम्ही तर नव्हताच. जमिनीला भेगा पडायच्या आणि त्यातून लाव्हा वाहायचा. तो थंड झाला की त्याचा काळा दगड व्हायचा. मग बराच काळ शांतता, मग पुन्हा लाव्हा. अशाच एका शांततेत दगडाच्या मोठ्या खळग्यात पाणी साठलं. ते पाणी तुमच्या कल्पनेतलं नाही. खालून उकळते झरे, आणि खार तर इतका, की आज त्यात कुणी बोट घातलं असतं तर कातडी सोलून निघाली असती. मासा नाही, बेडूक नाही, काठावर पाणी प्यायला येणारं जनावर नाही.

तरी त्या पाण्यात जीव होते. डोळ्यांना न दिसणारे, पण विलक्षण चिवट. उकळत्या खारात राहायचं म्हणजे अंगावरचं पांघरूण तसंच भक्कम हवं. त्यांच्या अंगाभोवती एक स्निग्ध पापुद्रा असायचा, तेच त्यांचं घर आणि तेच त्यांचं चिलखत. ते जगले, मेले आणि तळाशी येऊन बसले. तळाशी हवा पोचत नव्हती, त्यामुळे त्यांना कुजवायलाही कुणी आलं नाही. त्यांचे पापुद्रे मी पोटात घेतले. लांबच्या झाडांची पानं वाऱ्यानं येऊन पडली, त्यांच्यावरचं मेणही मी ठेवून घेतलं. मग पुन्हा लाव्हा आला. माझा वरचा थर भाजून विटेसारखा तांबडा झाला. मी जरा खाली होतो म्हणून वाचलो. माझ्यावर दगडाचं झाकण बसलं, ते साडेसहा कोटी वर्षं निघालं नाही.

एवढा काळ मी काय केलं असं विचाराल, तर सांभाळलं. त्या जिवांना हाडं नव्हती, शिंपले नव्हते, दगडावर ठसा उमटावा असं काही नव्हतं. ते होऊन गेले हे सांगायला त्यांचे हे पापुद्रेच काय ते उरले. रश्मी त्यांना रेणू म्हणते. ती म्हणते, एवढ्या उकाड्यात आणि खारात जीव कसा तगला हे समजलं, तर पृथ्वीवर जीव पहिल्यांदा कसा तगला तेही थोडंफार समजेल. मला ते मोठं गणित कळत नाही. मला इतकंच ठाऊक होतं, की कधीतरी कुणीतरी येईल, विचारील, आणि मी सांगेन. त्या आशेवर मी अंधारात पडून होतो.

आता रश्मी कोण ते सांगतो. ती दौंडची. वडील ज्ञानदेव कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत शिफ्टला जातात. पोरगी पुण्यात राहून संशोधन करते, आणि तिचं सगळं संशोधन माझ्यासारख्या गाळावर आहे. दोन काळ्या दगडांच्या मधला गाळ काही रस्त्यावर पडलेला नसतो. विहीर खोदली तरच तो दिसतो, आणि दिसला तरी बहुतेक जण सुरुंग लावून उडवून देतात. म्हणून ती शिरूर आणि दौंड तालुक्यातली गावं हिंडायची आणि विहीर खोदणाऱ्यांना मोबाईलवर फोटो दाखवायची. "काळ्या दगडात असा हिरवट काळा पट्टा लागला तर फोन करा," म्हणायची. लोक मान डोलवायचे आणि विसरायचे. जालिंदर विसरला नाही.

जालिंदर शेवंती आणि कांदा करतो. जुन्या विहिरीचं पाणी पुरेना म्हणून त्यानं ही नवी घेतली. मुरूम गेला, मांजऱ्या म्हणतात तो ठिसूळ खडक गेला, काळा पाषाण लागला, आणि त्याच्या खाली मी. यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, बादलीतून माझा एक तुकडा वर गेला तेव्हा मी पहिल्यांदा ऊन पाहिलं. भोवती माणसं जमली. जवळच पूर्वी पुरातत्त्वाचं खोदकाम झालेलं असल्यामुळे इथल्या लोकांना जमिनीतून काही निघालं की डोळ्यांपुढे खापरं आणि मणीच येतात. त्यांनी तो तुकडा फोडला, कुस्करला, हुंगला आणि फेकून दिला. मला इतका राग आला! काही नाही म्हणे ह्यात. तुम्हाला दिसत नाही म्हणून काही नाही?

रश्मी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. डोक्याला फडकं, तोंडाला मास्क, हातात मोजे. यारीच्या बादलीत बसून ती खाली उतरली तेव्हा जालिंदरची आई रतनबाई काठावर उभ्या राहून सारखं "सांभाळ गं, सांभाळ" करत होत्या. खाली आल्यावर रश्मीनं मला नुसतं पाहिलं. मग पोलादी छिन्नीनं, इकडचा धक्का तिकडे लागणार नाही अशा बेतानं, थरातून उखळाएवढा मला सुटा केला. खाली काम करणाऱ्या एका माणसानं आधार द्यायला हात पुढे केला, तर ती कडाडली, "ओ दादा! मोज्याशिवाय हात नाही!" मला वाटलं, आलं माझं माणूस. तिनं मला भट्टीत तापवून स्वच्छ केलेल्या पातळ पत्र्यात गुंडाळलं आणि वर आणलं.

"काय घावलं का?" रतनबाईंनी विचारलं.

"चरबी घावली, आजी."

"कुणाची गं?"

"लई जुन्या जिवांची. माणूस नव्हतं तवाची."

"आन् ती नासली न्हाई?"

"न्हाई ना! तेच तर बघायचंय."

रतनबाईंना हे फार आवडलं. त्यांच्या घरचं तूप आठवड्यात वास मारतं, आणि ही चरबी म्हणे कोट्यवधी वर्षं टिकली. त्यांनी तोंडाला पदर लावून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. जालिंदरनं डायनासोर आहे का म्हणून विचारून घेतलं आणि नाही म्हटल्यावर थोडा हिरमुसला.

इथवर सगळं ठीक होतं. अडचण अशी झाली, की रश्मी मोटारसायकलवर आली होती. हादरे बसत, उन्हात, मला पुण्याला नेणं तिला धोक्याचं वाटलं. थंड पेटी असलेली कॉलेजची गाडी सोमवारी मिळणार होती. म्हणून तिनं सोबत आणलेल्या स्टीलच्या पिंपात मला ठेवलं, झाकण लावलं आणि पिंप मोटारीच्या खोलीत सावलीला ठेवलं. निघताना ती रतनबाईंपाशी थांबली. आता ही ठणकावून सांगणार म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. आणि ती काय म्हणाली माहीत आहे?

"आजी, ह्याला ना... म्हंजी जरा... हात नाही लागला कुणाचा तर बरं. आपल्या हाताला तेल असतं."

खाली मान घालून म्हणाली. हसत म्हणाली. बरं! हात नाही लागला तर बरं! विहिरीत त्या बाप्यावर कडाडणारी ती हीच का, असा मला प्रश्न पडला. माझ्या साडेसहा कोटी वर्षांची राखण तिनं त्या एका मिळमिळीत वाक्यावर सोपवली आणि मोटारसायकलला किक मारली. मला ओरडता आलं असतं तर मी पिंपासकट ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या थराच्या जरा खाली सुरुंग लावला आणि पाणी लागलं. साधंसुधं नाही, मनगटाएवढी धार. जालिंदर खाली पाण्यात नाचला, त्याची बायको सुवर्णा वर रडायला लागली, यारीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. संध्याकाळपर्यंत माझा सगळा थर पाण्याखाली गेला. पुढे कडेनं सिमेंटची रिंग बांधून झाली की तो कायमचा झाकला जाणार होता. म्हणजे पिंपात मी होतो, तेवढाच बाहेर उरलो होतो.

नव्या विहिरीला पाणी लागलं की इकडे साती आसरा मांडतात. त्याच विहिरीतले सात दगड घ्यायचे, धुवायचे, शेंदूर लावायचा, दहीभाताचा निवद दाखवायचा. रतनबाईंनी सहा दगड निवडले. सातव्याला अडल्या.

"ज्या थराच्या खालनं पानी आलं, त्यातली एक पायजेच," त्या म्हणाल्या. "तिनंच पानी धरून ठेवलं व्हतं इतकी वर्सं. तिला वगळून कसं चालंल?"

"तो थर पान्यात गेला की आता," जालिंदर म्हणाला.

"त्या पोरीनं पिपात ठेवलीया न्हाई का."

सुवर्णानं तोंड उघडलं, हे मी तिच्या बाजूनं नमूद करतो. "आत्याबाई, तिनं हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"मी काय खरकटा हात लावतीया व्हय? तिनं मोजं घालून, तोंड बांधून सवळ्यात काढलीया तिला. मी बी न्हाऊन, उपाशी राहून करते. पूजा करू आन् सोमवारी देऊ पोरीला. तिला बी बरंच वाटंल."

बघा आता. रश्मीचे मोजे बघून त्या बाईंना सोवळं वाटलं. तेल, कातडी, रेणू हे काही त्यांच्या डोक्यात नव्हतंच. पवित्र वस्तूला पवित्र हातानं शिवायचं, एवढं त्यांना कळत होतं, आणि त्यांचे हात त्या दिवशी खरोखरच पवित्र होते. म्हणून तर माझा इतका कोंडमारा होतो. कुणी दारू पिऊन मला लाथाडलं असतं, तर शिव्या तरी घातल्या असत्या.

त्यांनी पत्रा सोडला. मला आधी दूधपाण्यानं धुतलं. दुधात स्निग्ध. मग पदरानं पुसलं. पदराला डोक्याचं खोबरेल. मग वाटीभर गोडेतेलात शेंदूर कालवला आणि बोटांनी माझ्या अंगावर चोळला, अगदी लहान लेकराला चोळावं तसा. मी सच्छिद्र. कोट्यवधी वर्षं कोरडा. तेल नुसतं पीत गेलो. एका बाजूला छिन्नीची बारीक चीर होती, तिच्यातून ते आत आत उतरत होतं आणि मला थांबवता येत नव्हतं. त्या चिवट जिवांना उकळत्या पाण्यानं हरवलं नाही, लाव्हानं हरवलं नाही, आणि आता त्यांच्या पापुद्र्यांत कुणाच्या तरी शेतातल्या भुईमुगाचं तेल मिसळत होतं. रतनबाई डोळे मिटून म्हणत होत्या, "आई, सांभाळ गं आम्हाला."

सोमवारी गाडी आली. रश्मी हसत उतरली, पिंप उघडलं, रिकामं पाहिलं. मग तिची नजर कट्ट्याकडे गेली. सात शेंदरी आकृत्यांतला मी कोणता हे तिला लगेच कळलं. ती तिथंच मातीत बसली.

"आजी, हे काय केलंत ओ," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं ना, हात लावू नका."

रतनबाई निवदाचं ताट घेऊन आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणली व्हतीस. पर असं म्हणलीस, जसं पाव्हण्याला अजून एक भाकर घ्या म्हणत्यात. इतकं मोलाचं व्हतं तर खडसावून का सांगितलं न्हाईस?"

हाच माझाही प्रश्न होता. मी अगदी जिवाचे कान करून ऐकत होतो.

रश्मी मातीतून उठली. मग म्हणाली, "कसं सांगणार होते? माझी आजी, रंभा, ह्याच भागात वस्तीवर खुरपायला यायची. तहान लागली की लांब उभं राहून ओंजळ धरायची आणि वरून पाणी ओतायचे. 'शिवू नको' हे तिनं जन्मभर ऐकलं. आणि मी तुमच्याच दारात उभी राहून तुमच्या वयाच्या बाईला म्हणू, शिवू नका? खाली त्या दादाला म्हटलं सहज. तुमच्यापुढे शब्द तोंडातून निघेना. माझंच चुकलं."

रतनबाईंनी ताट खाली ठेवलं.

"वरनंच वतायचो आम्ही," त्या म्हणाल्या. "माझी सासू वतायची, मी बी वतलंय."

सुवर्णा घरात गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो रतनबाईंनी तिच्याकडून घेतला आणि स्वतः रश्मीच्या हातात दिला. रश्मी प्यायली. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या तेलाचा विसर पडला होता. पण फार वेळ नाही.

"आता काय ऱ्हायलंय का हिच्यात?" रतनबाईंनी विचारलं.

"अगदी आत, गाभ्यात, कदाचित. पण फोडावं लागेल."

फोडावं लागेल म्हटल्यावर जालिंदरनंही जीभ चावली. कालपर्यंत मी गाळ होतो, तेव्हा फोडायला सगळ्यांचे हात शिवशिवत होते. आता मी आसरा होतो. शेंदूर लावलेली, निवद खाल्लेली. तिला छिन्नी लावायची म्हणजे पाणीच तोडायचं. रतनबाई म्हणाल्या, "मी कोण सांगणारी? तिलाच इचारू." आणि त्यांनी कौल लावायचं ठरवलं.

शेवंतीच्या दोन पाकळ्या. एक माझ्या उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बघा, अवघ्या जन्मात मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, बाबा रे तुझं म्हणणं काय! आणि माझं म्हणणं तर अगदी ठाम होतं. फोडा! आत्ता फोडा! पण मला हलता येईना. शेंदूर ओला, तेलकट, दोन्ही पाकळ्या गोंदानं चिकटवल्यासारख्या बसल्या. वारा आला, पडल्या नाहीत. रतनबाई हात जोडून थांबल्या, रश्मी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत थांबली. मी चडफडत होतो.

जालिंदर हळूच मागे सरकला. मोटारीच्या खोलीत शिरला. विहिरीतलं पाणी उपसायला लावलेली मोटार बंद होती, तिचं बटण त्यानं दाबलं. खोली थरथरली, भिंत थरथरली, भिंतीला लागून असलेला कट्टा थरथरला, आणि उजवी पाकळी टपकन खाली पडली.

रतनबाईंनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग खाली पडलेल्या पाकळीकडे. "दिला उजवा," त्या म्हणाल्या. "फोड पोरी. पर तिच्या पोटातलं तेवढं ने. अंग आमचं आम्हाला ठेव."

रश्मीनं नवे मोजे घातले. छिन्नीचे चार ठोके आणि मी दुभंगलो. आत अजून तोच हिरवट काळा रंग होता, दिसायला तरी ओला न झालेला. तिनं गाभा काढला, पत्र्यात गुंडाळला, थंड पेटीत ठेवला आणि गाडी गेली. उरलेल्या माझ्या दोन फाका जालिंदरनं रिंगसाठी आणलेल्या सिमेंटनं सांधल्या. तेव्हापासून मी असा आहे. बाहेरून देव, आतून पोकळ.

मग वाट पाहणं आलं. साडेसहा कोटी वर्षं मी निवांत काढली होती, पण हे महिने काढवेनात. माझ्याच पोटातलं कुणीतरी पुण्यात कुठल्याशा यंत्रापुढे बोलत होतं आणि मला इथे त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. वर दर शुक्रवारी तेल आणि शेंदूर. येणारे-जाणारे थांबून नवस बोलायचे. मी काय देणार होतो त्यांना?

शेवंतीची तोडणी चालू असताना रश्मी आली. या वेळी मोजे नव्हते, मास्क नव्हता. रतनबाई फुलं सोडून लगबगीनं आल्या.

"घावलं का गं त्यात काय?"

"घावलं, आजी." ती कट्ट्यावर माझ्या शेजारी बसली. "त्या जिवांचे पापुद्रे आहेत. उकळत्या पाण्यात राहणाऱ्यांचेच. मी स्वतः पाहिलं. तीन-तीनदा पाहिलं."

मला काय झालं ते कसं सांगू? ऐकलं होतं! कुणीतरी ऐकलं होतं त्यांचं.

"पण तुमचं गोडेतेल पण आहे," रश्मी पुढे म्हणाली. "चिरेतून गाभ्यापर्यंत गेलंय. आमचे सर म्हणाले, हे मांडता येणार नाही. तेल पोचलं तिथं आणखी काय काय पोचलं असेल? आजच्या मातीतले जीव, शेणातले जीव. ते जुनेच आहेत कशावरून, असं कुणीही विचारील."

"पर तुला तर म्हाईत हाय ना, जुनंच हायत म्हणून?"

"मला माहीत असून काय उपयोग, आजी? दुसऱ्यांनी मान्य करायला हवं."

रतनबाईंनी स्वतःच्याच बोटांकडे पाहिलं. आणि मी? मला तर कळेना हसावं की फुटावं. मी खरं बोललो. माझी भाषा कळली. प्रत्येक शब्द जागच्या जागी होता. पण साक्ष चालत नाही म्हणे, कारण साक्षीदाराच्या तोंडाला तेल आहे. असा न्याय असतो का कुठे?

"दुसऱ्या कुठल्या विहिरीत असा थर लागला पाहिजे," रश्मी म्हणाली. "आणि तो लागल्या लागल्या, कुणाचा हात लागायच्या आत, मला कळलं पाहिजे. नाहीतर माझं काम इथंच थांबलं." मग तिनं तिचा उघडा तळवा माझ्या अंगावर ठेवला. पहिल्यांदाच. तिच्या हाताला शेंदूर लागला, तरी तिनं तो काढला नाही. माझ्यावर आता कुणाचाही हात चालणार होता. तळवा गरम होता. मला तो आवडला, आणि आवडला म्हणून आणखीच वाईट वाटलं.

हे झालं आणि गेल्या शुक्रवारी सकाळी रतनबाई नेहमीसारख्या तेलाची वाटी घेऊन आल्या. पदराच्या गाठीतला मोबाईल वाजला. दौंड तालुक्यातल्या राहू गावाहून त्यांचा भाऊ हरिबा. रतनबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"आक्का, हिरीत काळा पट्टा लागलाय बघ. हिरवट. तू म्हणली व्हतीस ना, तसाच दिसतोय. पोरं बगायला खाली उतरायल्यात."

वाटी कट्ट्यावर आपटली. रतनबाई दोन्ही हातांनी फोन तोंडाशी धरून अशा ओरडल्या, की पलीकडच्या शेतातल्या बायांनी कंबर सरळ करून पाहिलं.

"वर काड त्यान्ला! वर काड आदी! कुणी शिवायचं न्हाई, ऐकलं का? तू बी न्हाई, तुझा पोरगा बी न्हाई, गावचा पाटील आला तरी न्हाई! सुरुंग थांबीव. त्याला हात लागंल तो फकस्त रश्मीचा. दौंडची पोरगी हाय आपली. ती येस्तवर तू सवता काठावर बस काठी घिऊन!"

"आगं पर आक्का, यारीवाला खोळंबलाय..."

"खोळंबू दे! तिचा हात लागू दे आदी!"

हरिबा "बरं बरं" म्हणाला. त्यांनी लगेच रश्मीला फोन लावला. ती निघालीच म्हणाली. कॉलेजची गाडी मिळत नव्हती तर वडिलांनी कंपनीतल्या मित्राची गाडी मागितली म्हणे.

जे वाक्य त्या दिवशी मोटारीच्या खोलीपाशी कुणीतरी ओरडायला हवं होतं, ते आज ओरडलं गेलं. माझ्या काही कामाचं नाही ते. फोन पदराला बांधून रतनबाईंनी दम घेतला, वाटीत बोटं बुडवली आणि सवयीनं माझ्या कपाळाला तेल लावलं. लावा बाई, लावा. माझं आता राहिलं काय!

राहूच्या गाळा, बाबा रे, तू माझ्याच तळ्यातला की दुसऱ्या कुठल्या, ते मला ठाऊक नाही. पण तुझ्या पोटातही तेच चिकट, चिवट जीव असतील. कुणी हुंगलं, हसलं, काही नाही म्हणालं तरी मनावर घेऊ नकोस. कोरडा राहा. पोरगी वाटेत आहे.